लायसन काढू की नको? आधी हे सांगा, हँडल हातात घेता का?

प्रश्न असा आहे: वय तेवीस, पुण्यात नोकरी, ऑफिसला मेट्रोने जाता, बाकीचं रिक्षा आणि कॅबवर भागतं. स्वतःची गाडी नाही आणि इतक्यात घ्यायचीही नाही. आई गावाकडून मागे लागली आहे की लायसन काढून ठेव, कधीतरी उपयोगी पडतं. ऑफिसमधला मित्र म्हणतो, अमेरिकेतली तरुण मुलंसुद्धा आता लायसन काढेनाशी झाली आहेत, थोड्या वर्षांत गाड्या आपल्या आपण चालतील, कशाला आरटीओच्या चकरा मारतेस. धाकटा भाऊ सोळाचा झालाय, त्याचं 'स्कूटीचं लायसन' आत्ताच निघेल का, असंही जाता जाता विचारलंय. आणि या सगळ्यात एक वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून गेलात: "कधीमधी रूममेटची स्कूटी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाते, तेवढंच."

माझं उत्तर त्या वाक्यापासून सुरू होतं.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, वीसेक वर्षं झाली. म्हणजे 'काढाच' म्हणण्यात माझा धंदा आहे, हे धरून पुढचं वाचा. तरीही लायसन प्रत्येकाला लागतंच असं मला वाटत नाही. जवळ चांगली लोकल, मेट्रो किंवा बस आहे, गाडीची हौस नाही आणि खरोखरच कुठल्या गाडीला हात लावत नाही, अशा माणसाने लायसनशिवाय खुशाल राहावं. मुंबईत अशी कुटुंबंच्या कुटुंबं राहिली आहेत, त्यांचं काही अडलं नाही. पण माझ्याकडे जी मुलंमुली 'मला लायसनची गरज नाही' म्हणत येतात (आईवडिलांनी ढकललेली असतात बहुतेक), त्यांच्याशी थोडं बोललं की कळतं, यातली बरीचशी गाडी चालवतात. मित्राची बाइक, बहिणीची ॲक्टिव्हा, गावी गेल्यावर काकांची कार मोकळ्या रस्त्यावर. गाडी चालवायची पण कागद काढायचा नाही, ही मधली अवस्था सगळ्यात वाईट. त्यापेक्षा चालत जाणारा बरा आणि रीतसर चालवणाराही बरा.

तेव्हा पहिली कसोटी सोपी ठेवतो. गेल्या वर्षभरात रस्त्यावर एकदा तरी गाडी चालवली का? चालवली असेल तर 'गरज आहे का' हा प्रश्न तुमच्यापुरता निकाली निघाला. तुम्ही चालवली आहे. आता फक्त ते कायद्यात बसवायचं आहे.

'कोपऱ्यापर्यंतच' या शब्दाला कायद्यात काही किंमत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ३ प्रमाणे सार्वजनिक जागेत मोटार वाहन चालवायला लायसन हवं, अंतर शंभर मीटर असो की शंभर किलोमीटर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८१ खाली विनालायसन चालवण्याला पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते कलम १८०: लायसन नसलेल्या माणसाला आपली गाडी चालवू देणाऱ्या मालकालाही तेवढीच शिक्षा आहे. तुम्ही भाजी आणायला निघालात की तुमच्याबरोबर तुमची रूममेटही त्या कलमात येते, आणि ती बिचारी घरी बसलेली असते.

दंडाचं तरी मला फार वाटत नाही, तो भरून माणूस मोकळा होतो. खरी गोष्ट विम्याची आहे. तुमच्याकडून स्कूटी कुणाला लागली, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं, तर थर्ड पार्टी विमा आहे म्हणून आपण सुटलो असं वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वरण सिंग प्रकरणात याचा विचार केला आहे. साध्या भाषेत त्याचा परिणाम असा की मालकाने जाणूनबुजून विनालायसन माणसाच्या हातात गाडी दिली असेल, तर जखमीला भरपाई विमा कंपनी देऊ शकते आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. आमच्या लाइनीत याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. ही भरपाई उत्पन्न, वय, अपंगत्व यावर ठरते आणि सहज लाखांत जाते. शिवाय स्कूटीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मंजूर होणं कठीण. म्हणजे हँडल तुमच्या हातात आणि वसुली रूममेटच्या नावावर. मैत्री टिकवायची असेल तर हे एकदा तिच्याशी बोलून घ्या.

याच ओघात आणखी एक. उद्या तुम्ही स्वतःच्या नावावर स्कूटर घेतलीत तर विम्यात मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कवच असतं. ते मिळायला मालकाकडे चालू लायसन असावं लागतं. लायसन नसताना गाडी नावावर घेता येते, हे खरं. पण मग चालवताना तुम्हालाच काही झालं तर त्या कवचाचा उपयोग नाही.

एक सूट आहे, ती सांगायलाच हवी. ज्या इलेक्ट्रिक दुचाकीच्या मोटरची शक्ती अडीचशे वॉटच्या आत आणि कमाल वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत आहे, ती नियमांप्रमाणे मोटार वाहनात धरली जात नाही, म्हणून तिला लायसन लागत नाही. पण दुकानातला विक्रेता सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, कागदावरची शक्ती आणि वेग बघा. नंबर प्लेट असलेली इलेक्ट्रिक स्कूटर म्हणजे पेट्रोल स्कूटरसारखीच, तिला लायसन हवंच. आणि विकत घेतल्यावर कुणाकडून तरी वेग वाढवून घेतलेली गाडी या सुटीत बसत नाही, तसं करून देणारे गल्लोगल्ली भेटतात तरी.

आता मित्राचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत वीस ते चोवीस वयोगटात १९८३ साली ९१.८ टक्के लोकांकडे लायसन होतं, २०१४ मध्ये ते ७६.७ टक्क्यांवर आलं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांचे हे आकडे आहेत. पण आकडा नीट वाचा. उतरल्यावरसुद्धा चारातल्या तिघांकडे लायसन होतंच. शिवाय तिथे सोळाव्या वर्षी लायसन काढणं हा वयात येण्याचाच भाग होता, तिथून ही घसरण झाली. आपल्याकडे तसा रिवाज कधी नव्हताच, त्यामुळे घसरण मोजायची कशावरून? तिकडच्या मुलाने लायसन काढलं नाही की तो बहुधा गाडीही चालवत नाही. आपल्याकडचा मुलगा लायसन काढत नाही आणि ट्रिपल सीट कॉलेजला जातो. दोन्हींना एका मापाने मोजता येत नाही.

आपोआप चालणाऱ्या गाड्यांबद्दल मी भविष्य सांगणार नाही. फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को अशा काही शहरांत चालकाविना टॅक्सी रस्त्यावर आहेत, हे खरं. आपल्याकडे नितीन गडकरींनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या ते भारतात येऊ देणार नाहीत. मंत्री बदलतात, धोरणं बदलतात, ते सोडा. पण तुमचा प्रश्न पुढच्या पाच-सात वर्षांचा आहे. तेवढ्यात चौकात उलट्या बाजूने येणारा टेम्पो, मधेच थांबलेली रिक्षा आणि दुभाजकाच्या फटीतून निघणारी बाइक हे सगळं एखादी गाडी स्वतः सांभाळेल, यावर मी पैसे लावणार नाही.

आईचं म्हणणं मात्र अर्धं जुनं झालंय. त्यांच्या वेळी लायसन म्हणजे ओळखपत्र होतं. बँकेत, सिमकार्ड घेताना, रेल्वेत, फोटो आणि पत्ता असलेला तोच एक सुटसुटीत कागद. आता ते काम आधार करतं. निव्वळ ओळखपत्र म्हणून लायसन काढण्यात अर्थ राहिला नाही. 'काढून ठेव' मधलं 'ठेव' मला पटत नाही ते यासाठीच. लायसन पाकिटात ठेवून चालवणं येत नाही. माझ्याकडे दर मोसमात काही जण येतात ज्यांनी कॉलेजात असताना कारचं लायसन काढलेलं असतं. घरी कार नव्हती, टेस्ट पास झाल्यावर स्टिअरिंगला हात लागला नाही. मग लग्न ठरतं, बाळ होतं, किंवा तालुक्याच्या ठिकाणी बदली होते आणि कार घेतली जाते. कायद्याच्या लेखी हे लोक पाच-सात वर्षांचे अनुभवी चालक. प्रत्यक्षात क्लच सोडताना गाडी बंद पडते. कोऱ्या विद्यार्थ्यापेक्षा यांना शिकवायला जास्त वेळ लागतो, कारण कोरा माणूस घाबरून असतो आणि विचारतो. यांना वाटतं, आपल्याकडे कार्ड आहे.

टेस्टच्या स्वरूपातच याचं कारण आहे. दुचाकीला आठचा आकडा काढायचा, कारला ट्रॅक, रिव्हर्स, चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलणं. चाचणीत रात्र नसते, पाऊस नसतो म्हणा ना, घाटही नसतो, समोरून डोळ्यांवर येणारा हाय बीम नसतो. आरटीओ तपासतं ते इतकंच की या माणसाला रस्त्यावर सोडलं तर तो लगेच कुणाला ठोकणार नाही. म्हणून मी लायसनकडे सराव करायची परवानगी म्हणून बघतो. सराव करायला गाडी नसेल तर ती परवानगी काय करायची?

यावरून माझा दुसरा निकष निघतो. ज्या गाडीचं लायसन काढायचं, ती गाडी पुढच्या वर्षभरात आठवड्यातून निदान एक-दोनदा चालवायला मिळणार आहे का? दुचाकीबाबत तुमचं उत्तर 'हो' आहे, रूममेटची स्कूटी आहे. कारबाबत 'नाही'. मग दुचाकीचं आत्ता काढा, कारचं थांबवा. कारचा वर्ग नंतर त्याच लायसनमध्ये वाढवता येतो. त्यासाठी त्या वर्गाचं लर्निंग आणि टेस्ट पुन्हा द्यावी लागते, पण ती एवीतेवी द्यायचीच होती. थांबल्याने नुकसान काही नाही.

थांबू नये अशी परिस्थिती कोणती, तेही सांगतो, कारण इथे सरसकट उत्तर चालत नाही.

नोकरीचं बघा. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, सर्व्हिस इंजिनिअर, बँकांची वसुली आणि फील्डची कामं, डिलिव्हरी, यात दुचाकीचं लायसन पहिल्या दिवसापासून लागतं. सरकारी बाजूला पोलीस शिपाई चालक आहे, सहायक मोटार वाहन निरीक्षक आहे. या पदांच्या जाहिरातीतच लायसनची अट असते. अशा भरतीची तयारी करणारी मुलं वर्षभर पळतात, पुस्तकं पाठ करतात आणि अर्ज भरताना आठवतं की लायसन नाही. लर्निंग मिळाल्यावर तीस दिवस जाईपर्यंत पक्क्या लायसनची टेस्ट देता येत नाही, अर्जाची मुदत तेवढ्यात संपते. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर आजच सांगा.

गाडी चालवूनच पोट भरायचं असेल तर हिशेब आणखी वेगळा. ट्रान्सपोर्ट वाहन चालवायला वय किमान वीस लागतं, आणि त्याचं लर्निंग काढण्याआधी हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन निदान एक वर्ष जुनं असावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की साडेसात हजार किलोपर्यंत वजनाचं ट्रान्सपोर्ट वाहन साध्या एलएमव्ही लायसनवरही चालवता येतं, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. टॅक्सी, छोटा टेम्पो चालवणाऱ्यांना याने मोठा दिलासा मिळाला, कारण अपघातानंतर विमा कंपन्या याच मुद्द्यावर दावे अडवत. त्यापेक्षा जड गाडीकडे जायचं असेल तर एलएमव्हीची तारीख जितकी लवकर पडेल तितकं बरं.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणार असाल तर इथे शिकून, इथे काढून जा. बऱ्याच देशांत सुरुवातीचा काही काळ आपल्या लायसनवर चालवता येतं: ब्रिटनमध्ये राहायला गेल्यावर बारा महिने, जर्मनीत सहा. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओतून हजार रुपये फी भरून मिळतो आणि तो वर्षभर चालतो. पण तो मूळ लायसनला जोडून वाचायचा कागद आहे, मूळ लायसनच नसेल तर तो मिळतच नाही. इथेही पुन्हा सरावाचा प्रश्न येतोच. जायच्या आधी दोन महिने घाईघाईत काढलेल्या लायसनवर उजव्या बाजूने जाणाऱ्या रहदारीत शिरणं मला धोक्याचं वाटतं.

आणि गाव. तुमचे आईवडील जिथे राहतात तिथे रात्री साडेनऊनंतर काय मिळतं? कॅबचं ॲप तिथे काही दाखवत नसेल, घराच्या अंगणात कार उभी असेल आणि ती चालवणारे एकटे वडील असतील, तर तुमचं कारचं उत्तर बदलेल. माझ्याकडे कार शिकायला येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी स्वतःच्या सोयीसाठी येत नाहीत, वडिलांना आता रात्रीचं दिसत नाही म्हणून येतात. ही परिस्थिती असेल तर पुढच्या दिवाळीत किंवा गणपतीत मोठी सुटी काढा, तिथेच कार शिका. लायसन देशभर चालतं, कुठल्या आरटीओतून काढलं याने फरक पडत नाही.

उलट बाजूही आहे, आणि माझ्या धंद्यातली माणसं ती सांगत नाहीत. दुचाकी हे आपल्या रस्त्यांवरचं सगळ्यात घातक वाहन आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. मरणाऱ्यांत ६६.५ टक्के अठरा ते पंचेचाळीस वयातले. मेट्रोने जाणारी तेवीस वर्षांची मुलगी मला 'लायसन मिळालं, आता स्कूटर घेते आणि ऑफिसला तिच्यावरच जाते' म्हणाली तर मी तिला आनंदाने पेढा मागणार नाही. मेट्रो चालू ठेवा. लायसन आहे म्हणून चालवलंच पाहिजे असं नाही.

काहींनी तर मुळातच थांबावं. अर्जात प्रकृतीबद्दल स्वतःचं जाहीर निवेदन द्यावं लागतं, त्यात फिट्स, अचानक भोवळ येणं अशा गोष्टी विचारलेल्या असतात. तिथे खरं लिहा आणि तसा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. याउलट रंगांधळेपणामुळे आपल्याला मिळणारच नाही असं धरून बसलेली मुलं अजून भेटतात. जून २०२० मध्ये नियम बदलला. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन मिळू शकतं, तीव्र असेल तर नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि अर्ज करा.

इथपर्यंत आलो ते एकदा गोळा करतो: हँडल हातात घेत असाल तर त्या वाहनाचं लायसन लगेच, घेत नसाल आणि सरावाला गाडीही नसेल तर थांबायला हरकत नाही, नोकरी, परदेश, गाव यापैकी काही समोर असेल तर मात्र दिवस मागे मोजून आत्ता सुरुवात.

वयाचा एक फायदा आहे, त्याने निर्णय ठरू नये पण माहीत असावा. तिशीच्या आत काढलेलं खासगी वाहनाचं लायसन वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. म्हणजे तुम्हाला एकदम सतरा वर्षं. तीस ते पन्नासच्या मध्ये काढलं तर दहा वर्षं. मुदत संपल्यावर वर्षाच्या आत नूतनीकरण केलं तर ठीक, वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट. सरकारी फी फारशी नाही: लर्निंगला एका वर्गाचे दीडशे आणि परीक्षेचे पन्नास, पक्क्याच्या टेस्टला तीनशे, लायसनचे दोनशे. याच्यापलीकडे कुणी काही हजार मागत असेल तर तो कशाचे मागतोय ते विचारा. 'टेस्टला यायची गरज नाही, कार्ड घरी येईल' असं सांगणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. त्याने तुमची टेस्ट वाचवली, पण टेस्टच्या आधीचा सराव तुम्ही करायचा होता, तोही वाचवला.

आता तुमच्यासाठी प्रत्यक्ष. लर्निंगची परीक्षा महाराष्ट्रात आधार वापरून घरबसल्या ऑनलाइन देता येते, प्रश्न मराठीतही येतात. ते सोपं आहे म्हणूनच लोक फसतात: आज काढून ठेवतात, सहा महिन्यांची मुदत सरते आणि पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा ज्या महिन्यात सराव करायला वेळ आहे त्याच महिन्यात लर्निंग काढा, तीस दिवस झाले की लगेच टेस्टची तारीख घ्या. लर्निंगवर एकटीने फिरायचं नाही. पांढऱ्यावर लाल 'एल' पुढे-मागे लावायचा आणि त्या वाहनाचं पक्कं लायसन असलेली व्यक्ती बरोबर हवी. रूममेटकडे लायसन आहे ना, हे तिलाच विचारा. गृहीत धरू नका, मी असल्या उत्तरांनी पुष्कळदा चकित झालोय.

वर्ग कोणता निवडायचा? अर्जात बिनगिअरची आणि गिअरची दुचाकी असे दोन वेगळे वर्ग दिसतील. बिनगिअरच्या लायसनवर गिअरची बाइक चालवता येत नाही, उलट चालतं. सरावाला गिअरची बाइक आणि शिकवणारं कुणी मिळत असेल तर गिअरचंच काढा. मिळत नसेल तर त्यासाठी अडून बसू नका, स्कूटीवर टेस्ट द्या. आज तुम्ही जे चालवताय ते कायद्यात बसणं जास्त तातडीचं आहे.

कारचं पुढे काढाल तेव्हा एक गोष्ट लक्षात असू द्या. आपल्याकडे खासगी कारच्या लायसनमध्ये ऑटोमॅटिक आणि गिअरची असा फरक नाही. ऑटोमॅटिकवर शिकलात तरी कागद दोन्हींना चालतो. कागद चालतो, पाय चालत नाही. म्हणून शक्यतो गिअरच्या गाडीवर शिका, नंतर ऑटोमॅटिक घ्या. खासगी कारच्या लायसनसाठी ड्रायव्हिंग स्कूल सक्तीचं नाही, घरच्या माणसाकडून शिकलात तरी चालतं. स्कूल लावलंत तर किती दिवस याच्यापेक्षा हातात स्टिअरिंग किती तास मिळणार ते विचारा. नियमांत एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास आहेत. २०२१ पासून जी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं सुरू करायची तरतूद झाली त्यांच्या अभ्यासक्रमात एकोणतीस तास आहेत, त्यातले एकवीस प्रत्यक्ष गाडीवर. दोन आकड्यांमधला फरक बघा म्हणजे कळेल की नेहमीच्या क्लासनंतर तुम्ही किती कच्चे असता. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगतो, क्लास संपल्यावर पहिले काही आठवडे शेजारी जाणता माणूस बसवा.

राहिला भाऊ. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ही गोष्ट खरी, पण ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत, त्यांना अठरा पूर्ण हवीत. त्याआधी त्याने चालवली तर कलम १९९ अ लागतं: पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला कारच्या धडकेत दोन तरुण अभियंते दगावले, त्या प्रकरणात सतरा वर्षांच्या मुलाबाबत हे पंचविसाचं कलम सगळ्यांनी ऐकलं. ते महागड्या गाड्यांपुरतं नाही, वडिलांच्या स्कूटरलाही तेच लागू आहे. क्लासला जायला त्याला काहीतरी हवंच असेल तर सायकल द्या, नाहीतर वर सांगितलेली पंचवीसच्या आतल्या वेगाची इलेक्ट्रिक, हेल्मेटसकट. अठरा पूर्ण झाले की त्याचं लर्निंग काढा, आणि तेव्हा थेट गिअरच्या दुचाकीचंच काढा.